यादीतून काढलेली मोटारसायकल

आमच्या मखमलाबादच्या घरी चार गाड्या होत्या. फुलं बाजारात न्यायचा टेम्पो, जीप, ह्यांची ओझरच्या कारखान्यात जायची स्कूटर आणि एक जुनी मोटारसायकल. चारही माझ्या सासऱ्यांच्या, पुंजाराम आप्पांच्या नावावर. प्रत्येकीच्या विम्याची तारीख वेगळी आणि एखादी हमखास चुकायची. म्हणून निवृत्तीभाऊ एजंटांनी चारही गाड्या एकाच पॉलिसीत घालून दिल्या. तारीख एकच, मागे गाड्यांच्या नंबरांची यादी जोडलेली. मी निफाडहून बी.कॉम. होऊन आलेली सून, त्यामुळे ती फाइल माझ्याकडे आली.

२००२च्या जूनमध्ये पॉलिसी पुन्हा भरायची वेळ आली, तेव्हा मोटारसायकल गोठ्यात पडून होती. आप्पा म्हणाले, "काढून टाक तिला. भंगारात द्यायची हाय." मी तिच्या नंबरावर रेघ मारली आणि निवृत्तीभाऊंनी तीन गाड्यांची नवी यादी करून आणली.

ती भंगारात गेलीच नाही. पोळ्याच्या सुमारास माझे धाकटे दीर, कुंदन भाऊजी, ती दुरुस्त करून फिरवायला लागले. मला रोज दिसत होतं. निवृत्तीभाऊंना एक फोन करायचा होता. आज करते, उद्या करते, असं म्हणत राहिले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो आणि जीप दोन्ही बाजारात अडकल्या होत्या. झेंडूची दोन पोती राहिली, म्हणून भाऊजी ती मागे बांधून मोटारसायकलवर निघाले. पाटाजवळच्या वळणावर भाजी विकणारा गोटीराम सायकलवरून मेथीच्या जुड्या उतरवत होता. पोत्यांच्या वजनाने गाडी आवरली नाही. भाऊजींनीच त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको सरुबाई धडक बसली तेव्हा चार पावलांवर उभी होती.

धडक झाली त्याच संध्याकाळी मोटारसायकल गोठ्यात आली आणि तिच्यावर कडबा रचला गेला. निवृत्तीभाऊ आले.

"गाडी कोणती ते पोलिसांत लिहून झालंय?"

"अजून नाय," आप्पा म्हणाले. "बाई बोलायच्या अवस्थेत नव्हती."

"मग जीप दाखवा. जीपचा विमा आहे, कंपनी भरपाई देईल. मोटारसायकल म्हणालात तर सगळं तुमच्या अंगावर. जमिनीपर्यंत जाईल."

आप्पा उठले, घण घेतला आणि जीपच्या पुढच्या पत्र्यावर तीन घाव घातले. मी ओसरीवर उभी राहून बघत होते. सकाळी भाऊजी जीप घेऊन पोलीस चौकीत हजर झाले.

सरुबाईकडे मला पाठवलं. दहावं झालं होतं. तिच्या दोन मुली दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या.

"सरुबाई, साहेब विचारतील तेव्हा जीप होती म्हणा. त्याशिवाय कंपनीकडून काही मिळायचं नाही. पोरींचं बघा."

"म्हंजी खोटं बोलू?"

"तुमच्याच भल्यासाठी."

"तुमी शिकलेल्या हाय. तुमी म्हनता तर बोलते."

भरपाईची केस उभी राहायला दोन वर्षं गेली. नाशिकच्या कोर्टात सरुबाई साक्षीला उभी राहिली, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. कंपनीच्या वकिलाने वळणाचे फोटो काढून आणले होते.

"तुमचे मालक कुठे उभे होते?"

"विजेच्या खांबाच्या आन् पाटाच्या कठड्याच्या मधी. तिथंच सायकल लावायचे ते."

"ही जागा साडेतीन फूट आहे. इथे जीप शिरली कशी?"

तिने मागे वळून मला शोधलं. मी मान खाली घातली.

"मला नाय आठवत, साहेब," ती म्हणाली.

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं की अर्जदार बाईने गाडीमालकाशी संगनमत करून खोटी गाडी दाखवली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिच्याजवळ गेले. ती रडत नव्हती.

"वकीलसाहेबांनी आता सांगितलं," ती म्हणाली. "खरी गाडी सांगितली असती तर विमा नसला तरी तुमच्या आप्पांना द्यावं लागलं असतं. असं हाय का, प्रतिभाताई?"

"हो."

"तुमाला तवा ठावं होतं?"

खोटं बोलायची माझी ताकद संपली होती. "हो," मी म्हणाले.

तिने धाकटीचा हात धरला आणि सीबीएस बसस्थानकाच्या दिशेने निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या वकिलांकडे जाऊन सगळं लिहून सही केली. यादी, रेघ, कडबा, घण, काहीच सोडलं नाही. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "माझ्या भावाला तुरुंगात घालणार तू?" आप्पांनी माझ्या हातचं जेवण सोडलं. भाऊजींवर आणि आप्पांवर खोट्या पुराव्याची केस झाली. भाऊजींचं ठरलेलं लग्न मोडलं. ते एकदाच माझ्याशी बोलले, "वहिनी, त्या दिवशी मी खरंच सांगणार होतो. कुणी विचारलंच नाही."

वरच्या कोर्टाने केस पुन्हा चालवायला लावली. आप्पांनी भरपाई द्यावी, असा हुकूम २००८मध्ये झाला. टेम्पो, जीप आणि पाटाकडचा गुलाबाचा तुकडा विकावा लागला.

सरुबाई तोवर पिंपळगावला राहायला गेली होती. थोरलीने सातवीतच शाळा सोडली होती आणि ती द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागली होती. हुकुमाची नक्कल घेऊन मी तिथे गेले. गेटवर थोरली बाहेर आली. अंगावर पांढरा एप्रन, बोटांना चिकटपट्ट्या. तिने मला ओळखलं.

"आई नाही येणार बाहेर," ती म्हणाली. "कागद माझ्याकडे द्या. आणि परत येऊ नका."

मी कागद दिला. तिने तो न वाचता घडी करून एप्रनच्या खिशात घातला आणि आत गेली. हायवेवर नाशिकची बस मिळायला मला तासभर लागला.