उसने डोळे

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही फोटो धड उघड्या डोळ्यांनी काढून घेतला नाही. लग्नात मिटलेले, लेकाच्या बक्षीस समारंभात मिटलेले. ऑफिसच्या निरोप समारंभात तर साहेब भाषण करताहेत आणि हे शेजारी गाढ! ओळखपत्रावर तेवढे उघडे होते, तर नेमका चष्म्यावर दिवा चमकला. मी म्हणायचे, "अहो, एक क्षण डोळे उघडे ठेवायला काय जातं तुमचं?" तर म्हणे, "तू आहेस की घरात, डोळे वटारायला."

ते गेले त्याला चार महिने झाले आणि भिंतीवर लावायला फोटो नाही. खरं सांगते, मला तो भिंतीसाठी नकोच होता, भांडायला हवा होता. चाळीस वर्षांची सवय. चहाचं आधण ठेवलं की पहिला शब्द ह्यांनाच. आता काय शेगडीशी बोलू? आणि धास्ती वेगळीच होती. आठवायला बसले की नाक आठवायचं, मिशी आठवायची, डोळे काही केल्या आठवत नव्हते. मला रात्रंदिवस त्याचाच घोर लागला होता.

शेवटी लेकाने मनावर घेतलं. निरोप समारंभातला चेहरा मोठा करून, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून डोळे उघडून आणले. चौकट झकास, काच झकास. भिंतीवर लावल्यावर मी फडकं घेऊन पुसायला गेले आणि हात तिथेच थांबला. फोटोतून हे माझ्याकडे रोखून बघत होते. आमचे हे, आणि रोखून?

"खरं सांग, कुणाचे डोळे आहेत हे?"

लेक चाचरला. "अगं, फोटोवाला म्हणाला, घरातल्याच कुणाचे तरी बसवू, कळतसुद्धा नाही. मग मी मोठ्या काकांचा फोटो दिला."

घ्या! म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचे, दादांचे. मास्तर माणूस, परीक्षेत कॉपी पकडण्यात हयात गेली. या दोघा भावांनी बावीस वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. कारण काय, तर आईचा रेडिओ कुणी पाडला! रेडिओ कधीच भंगारात गेला, हट्ट मात्र शाबूत. रस्त्यात दादा दिसले की हे पलीकडच्या फुटपाथवर. मी ह्यांना शंभरदा सांगितलं, तुमच्याच हातून पडला असेल, कबूल करा आणि मिटवून टाका. ऐकतील तर शपथ!

"आधी उतरव तो," मी लेकाला म्हटलं. "मला तुझा बाप मिटल्या डोळ्यांचाच आणून दे."

तो स्टुलावर चढतोय तोच बेल वाजली. दारात दादा, हातात काठी. हे गेले त्या दिवशीही दारापर्यंत येऊन परत फिरले होते. आज मात्र कुणाला न विचारता आत आले आणि थेट फोटोसमोर उभे राहिले. मी मनात म्हटलं, संपलं! मास्तर आता कॉपी पकडणार.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अगं, हा माझ्याकडे बघतोय," ते म्हणाले. "बघतोय हा!" मग फोटोलाच म्हणाले, "रेडिओ मीच पाडला होता रे." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

लेकाने खरं सांगायला तोंड उघडलं. मी त्याला असा चिमटा काढला की ते लगेच मिटलं. फोटो उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दादांच्या हातात दिला. "घेऊन जा, दादा. तुमच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं त्यांचं."

दोन दिवसांनी मिटल्या डोळ्यांचा फोटो आला. तो मी स्वयंपाकघरात शेगडीच्या वर लावला. सकाळी आधण ठेवलं, सवयीने कमरेवर हात ठेवला आणि एकदम आठवलं. मी भांडायला लागले की हे डोळे मिटूनच तर ऐकायचे! चाळीस वर्षं हाच चेहरा माझ्यासमोर होता, आणि मी वेडी डोळे शोधत बसले.

पण भांडण काही सुचेना.

"ऐकलंत का? रेडिओ तुम्ही नव्हता पाडला," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.