शिवप्रियाचं स्थळ

नंदीशच्या दुकानाच्या माळ्यावर एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय, तर मोडीत निघालेला एक जुना कॉम्प्युटर, त्याला इन्व्हर्टर जोडलेला आणि वर धूळ बसू नये म्हणून त्याच्या आईच्या, उमाबाईच्या, जुन्या लुगड्याचा तुकडा. लोहाऱ्यातलं एक बियाण्यांचं दुकान, दोन शाळा आणि लिंगायत वधू-वर मंडळ, एवढ्यांच्या वेबसाइट त्यावर चालत. मोठ्या कंपन्यांकडं जागा भाड्यानं मिळते हे नंदीशला कळत नव्हतं असं नाही, पण आपल्या गावाचं आपल्या गावात राहावं, हे त्याचं खूळ. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच.

लग्नसराई आली आणि वधू-वरांची पानं उघडता उघडेनात. नंदीशनं नवी डिस्क आणली, मेमरी वाढवली, सगळी प्रणाली नवी घातली. सामान हलवताना नेमकी जुनी डिस्क कायमची बंद पडली. माहितीची रोजची प्रत, म्हणजे बॅकअप, कपाटातल्या डिस्कवर आपोआप निघते या भरवशावर त्यानं तीच प्रत नव्या डिस्कवर उतरवली. साइट धावायला लागली, गडी खूश झाला. बियाण्यांची, शाळांची पानं उघडतात एवढंच त्यानं पाहिलं. वधूंची मात्र त्यानं उघडून बघितली नाहीत. त्याची धाकटी बहीण शिवप्रिया डेंग्यूनं गेली, तेव्हा तिथलं तिचं नाव त्यानंच काढलं होतं. त्यानंतर त्या पानांकडं बघायला त्याचा जीव धजत नसे.

घरी मात्र नवल घडत होतं. लेक गेल्यापासून दोन घास धड न खाणारी उमाबाई केसांना तेल लावू लागली, मोबाइल हातातून सोडेना झाली. काळ हेच औषध, असं नंदीश बायकोला सांगू लागला.

आणि एके दुपारी गावातले विरुपाक्षअप्पा दुकानात उगवले.

"नंद्या, माझी पोरगी बाळंतपणाला आलीय, व्याही समोर बसल्यात, आन् फोनवर तिलाच स्थळं सांगून यायलीत! काय सांगू त्येंला?"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. प्रत निघायची कधीच बंद पडली होती. कपाटातली प्रत तीन वर्षांपूर्वीची होती, आणि तेव्हाच्या सगळ्या मुली पुन्हा लग्नाच्या झाल्या होत्या. त्यांच्यात शिवप्रियाही हसत होती. खाली नंबर उमाबाईचा.

नंदीश तसाच घरी धावला. उमाबाई ओसरीवर फोनवर बोलत होती.

"व्हय, बी.फार्म झालंय. स्वभाव? हट्टी हाय जरा, पर लई मायाळू." मग थोडं थांबून, "न्हाय ओ, आमचं जमायचं न्हाय. तुमच्या मुलाला चांगली मुलगी मिळू दे."

"अव्वा, हे कधीपासून?"

"तुझं मशीन नवं झालं तवापासून."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू पुसलं असतंस." ती शांतपणे म्हणाली. "म्या कुणाला फसवलं न्हाय. समद्यांला न्हायच म्हणते. पर न्हाय म्हणायच्या आदी ती कशी हाय ते इचारतात रे लोक. घरात कोण इचारतंय? तिचं नाव निघालं की तू ताटावरनं उठतूस."

नंदीशनं खिशातून मोबाइल काढला.

"काढावं लागंल, अव्वा. दुसऱ्यांच्या लेकी हायत त्यात."

"काढ की. पर एकदा वाच."

त्यानं मोबाइलवर पान उघडून मोठ्यानं वाचलं. नाव. उंची. शिक्षण. वय सत्तावीस. त्यानं पुन्हा वर जाऊन जन्मतारीख बघितली. शिवप्रिया गेली तेव्हा चोवीसची होती. जन्मतारखेवरून वय आपोआप बदलावं, ही सोय त्यानंच केली होती.

"मला बी आदी चुकलंय वाटलं," उमाबाई म्हणाली. "मग बोटं मोजली. बरोबर हाय. आपल्यात ती थांबली, तुझ्या मशीनात तेवढी मोठी व्हायली."

नंदीशनं वधूंची ती जुनी पानं साइटवरून पुसली, शिवप्रियाचंही. या वेळी तो उठून गेला नाही. आईच्या समोर मांडी घालून बसला आणि वरपक्षाचं माणूस विचारतं तसं म्हणाला, "अव्वा, मुलीचा स्वभाव कसा हाय?"

उमाबाईनं तोंड उघडलं. परक्या माणसांना घडाघडा सांगणाऱ्या त्या बाईला आता एक शब्द फुटेना. परक्यांना ती गेलेली ठाऊक नव्हती. याला ठाऊक होतं.