नवा कूलर

सुनेचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तेव्हा माझा मुलगा खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "तू त्याच्यावर फार ओझं टाकतेस."

तिने मान वर केली नाही. इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल, याची चित्रं ती कॉम्प्युटरवर करते. संध्याकाळपर्यंत एक चित्र आर्किटेक्टकडे गेलं नाही तर तो तिचं काम दुसऱ्या कुणाला देणार होता. चित्र पुरं व्हायला मशीन तासन्‌तास चालावं लागतं, आणि हे मशीन कपातला चहा निवायच्या आत मान टाकत होतं.

रविवारी चिरंजीवांनी स्वतः नवा कूलर बसवला होता. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. ते तापू नये म्हणून त्यावर धातूच्या पट्ट्या आणि पंखा असतो, तोच हा कूलर. जुना घरघर करायचा, पण काम चालायचं. बिघाड नव्यापासूनच आहे, हे ती सांगून थकली. आधी त्याने खोलीला दोष दिला. मग टेबलफॅन आणून लावला. मग असलं काम घरी करायचंच कशाला, इथपर्यंत मजल गेली. कूलर काढून बघू म्हटलं, तर मी बसवलेल्याला हात लावायचा नाही म्हणे.

माझं डोकं त्या मशीनपेक्षा जास्त तापलं. "तिचं काम चाललंय हातचं, आणि तू आपला मान सांभाळत बसलायस. हो बाजूला."

झाला, पण तोंड फुगवून.

तिने कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू काढली आणि मशीन सुरू केलं. पडद्यावर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा भराभर चढायला लागला. तिने कूलरच्या पट्ट्यांना बोट लावलं आणि तिथेच थांबली. पट्ट्या गार होत्या. खाली आग आणि वर गारवा, म्हणजे उष्णता वर पोचतच नव्हती. तिने मशीन बंद केलं, वायर काढली, स्क्रू सोडवून कूलर उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. बसवण्यापूर्वी काढा, असं त्याच्यावरच छापलेलं.

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही. रिमोट, फ्रिजचं दार, घड्याळाची काच, सगळं झाकलेलं.

"चरे पडले असते," तो पुटपुटला.

"तिथे कोण बघायला येणार होतं?" तिने विचारलं.

मला हसू आलं नाही. तिने प्लास्टिक ओरबाडून काढलं, दोन्हीकडची जुनी पेस्ट पुसली, मधे उष्णता वर पोचवणारी नवी पेस्ट लावली आणि कूलर घट्ट बसवला. आता आकडा चढला आणि मधेच स्थिर झाला. चित्र पुढे सरकू लागलं, पण संध्याकाळी अर्धंच झालं होतं. वीज गेली होती म्हणून सांग, असं त्याने सुचवलं. तिने त्याच्यासमोरच आर्किटेक्टला फोन लावला.

"वीज गेली नव्हती. नवऱ्याने कूलर चुकीचा बसवला होता. मी दुरुस्त केलाय. सकाळी चित्र देते."

पलीकडचा माणूस बराच कुरकुरला. सकाळपर्यंत थांबतो, पण पुढचं काम द्यायचं की नाही ते हे चित्र पाहूनच ठरवू, म्हणाला.

"माझं नाव घ्यायची काय गरज होती?" मुलगा उसळला.

"मग काय, माझं घेऊ?"

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसलाय, कुणी समजूत काढायला येईल म्हणून. बसू दे. मी इथे तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आहे.