कापलेल्या पटाच्या दोन मांडण्या

सहदेव अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. १९६६ साली मुंबईच्या गणकयंत्रावर थोडा वेळ मिळणार होता, म्हणून त्याने एक कोडं निवडलं. बुद्धिबळाच्या पटाचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे कापले, तर उरलेला पट दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी पूर्ण झाकता येतो का? उत्तर यंत्रानेच शोधायचं होतं. पण कोडं यंत्रापुढे मांडायचं कसं?

सहदेवने प्रत्येक घराला ओळ आणि रकाना दिला. यंत्राने पट्ट्या ठेवायच्या, अडलं की उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. अकोल्याच्या मुलींच्या कॉलेजात शिकवणाऱ्या अकीलाने कोडं ऐकून सहदेवकडे दुसरी मांडणी पाठवली. तिने घरांचा रंगही लिहिला होता. कुठलीही पट्टी एक काळं नि एक पांढरं घर झाकते. कापलेले कोपरे मात्र एकाच रंगाचे, म्हणजे त्या रंगाची घरं दोनने कमी. मोजलं की संपलं, पट झाकला जाणं शक्यच नाही.

"हे तर यंत्राले आयतं उत्तर भरवणं झालं," सहदेव म्हणाला.

"दोन्ही पाठवा," विभागप्रमुख किसनराव म्हणाले. "कोणती बरी, थे यंत्रच सांगते."

पाकीट बांधताना सहदेवने अकीलाचे कागद गुपचूप खणात सरकवले.

मुंबईहून कळलं, वेळ संपला तरी यंत्र पट्ट्याच लावत होतं. उत्तर नाही.

"अन् अकीलाबाईची मांडणी?" किसनरावांनी विचारलं.

"थेही नाही चालली," सहदेव बोलून गेला. किसनरावांनी तसंच अकोल्याला कळवलं.

पुढे परीक्षेच्या कामाने सहदेव अकोल्याला गेला, तेव्हा अकीलाला भेटल्याशिवाय परतणं बरं दिसलं नसतं. अकीलाचे वडील अब्दुल गफ्फार ओसरीत शिलाई मशीनवर बसले होते. "बरं झालं आले," ते म्हणाले. "पोरगी धड जेवत नाही. कागदच भरून राहिली."

आत फरशीवर खडूने पट काढलेला होता. त्यावर कापडाच्या चिंध्या मांडून अकीला बसली होती.

"सहदेवभाऊ, मले चूक सापडतच नाही," ती म्हणाली. "मी पोरींना हेच शिकवलं होतं. काल वर्गात सांगितलं, माझं चुकलं म्हणून."

खरं असलेलं तिने खोटं म्हणून सांगितलं होतं, तेही सहदेवच्या एका शब्दावर.

"चूक नाही," तो म्हणाला. "मी तुमचे कागद पाठवलेच नाही."

बाहेर मशीन थांबली. अकीलाने हातातली चिंधी खाली ठेवली.

"म्हणजे यंत्रानं पाहिलंच नाही? अन् मी माझ्याच अकलेवर शक घेऊन राहिली!"

ती ओरडली असती तर सहदेवला सोसलं असतं. ती चिंध्या गोळा करू लागली.

"माफी मागू नका," ती म्हणाली. "उद्या थांबा. पोरींसमोर तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी तो वर्गात उभा राहिला. मान वर होईना. कागद दडवल्याचं नि खोटं बोलल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "कावून दडवले, सर?"

"माझी मांडणी हरन, असं वाटलं," तो कसाबसा म्हणाला. अकीलाने फळा पुसला आणि पुढचा धडा सुरू केला.

अमरावतीला येऊन त्याने किसनरावांनाही सांगितलं. अकीलाचे कागद त्यांनी स्वतः मुंबईला पाठवले. या वेळी उत्तर लगेच निघालं.

त्यानंतर अकीलाचं टपाल किसनरावांच्याच नावाने येऊ लागलं. सहदेव ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा.