साडूचा स्ट्रीमर

राजारामपुरीतल्या घरात राजवीरच्या स्टीरिओला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचं नाही. लाकडी स्पीकर, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा ॲम्प्लिफायर आणि कपाटभर सीडी. त्याचे सासरे आण्णा दर रविवारी सकाळी ऐकायला यायचे. तरुणपणी मुरगूडच्या भजनी मंडळात पेटी वाजवलेला माणूस. सोफ्यावर मांडी घालून बसायचे. काय लावायचं ते राजवीर ठरवायचा. "गाणं ऐकावं तर पावण्यांच्यातच," असं आण्णा चारचौघांत जावयाचं कौतुक करून म्हणाले की राजवीरची छाती फुगायची.

गणपती झाले आणि आण्णा यायचे बंद झाले.

पहिल्या रविवारी राजवीरला वाटलं, गुडघा दुखत असेल. पुढच्या रविवारी त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं, चपात्या लाटता लाटता सांगितलं, "आण्णा विश्वजितरावांच्यात गेल्यात. त्यांनी कसला स्ट्रीमर घेतलाय. एवढीशी डबी, पण इंटरनेटवरनं पाहिजे ते गाणं येतंय म्हणं."

विश्वजित म्हणजे राजवीरचा धाकटा साडू. दुधाची डेअरी चालवायचा, मोठ्यानं हसायचा, आणि गाण्यातलं त्याला ओ की ठो कळायचं नाही. तेव्हापासून राजवीरच्या पोटात दुखायला लागलं. जेवताना मधेच त्याच्या डोळ्यांसमोर यायचं, की आण्णा विश्वजितच्या सोफ्यावर बसून मान डोलवतायत. मग त्याला घास जायचा नाही.

शेवटी तो शाहूपुरीत मुजम्मिलच्या स्टीरिओच्या दुकानात गेला.

"तुमचा ॲम्प्लिफायर तगडा हाय, दादा," मुजम्मिल म्हणाला. "त्याला फकस्त एक छोटा स्ट्रीमर जोडायचा. वायफायवर चालतोय, गाणं फोनवरनं लावायचं. ब्लूटूथपेक्षा आवाज भरीव येतोय. झालं की काम!"

"डेअरीवाल्या विश्वजितनं हाच नेला?"

"व्हय, हाच."

"मग दुसरं दाखवा. ह्याच्यापेक्षा मोठं."

मुजम्मिलनं एक यंत्र पुढं केलं. स्ट्रीमर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, वर रंगीत पडदा. "पण तुम्हास्नी ह्याची गरज न्हाय," असंही तो बोलला. राजवीरची नजर पडद्यावर खिळली होती. विश्वजितच्या डबीला पडदा नव्हता. त्यानं ते घेतलं आणि जुना ॲम्प्लिफायर घरून आणून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. दुकानातल्या माणसानं तो उचलून आत नेला तेव्हा राजवीरला गलबलून आलं.

रविवारी त्यानं आण्णांना गाडी पाठवून बोलावून घेतलं.

गाणं सुरू झालं. पडद्यावर गायकाचा फोटो आला. आण्णांना काहीतरी आठवलं, ते म्हणाले, "आमच्या मंडळात एकदा..."

राजवीरनं हात वर केला. "थांबा आण्णा, आता सारंगी ऐका."

आण्णा थांबले. गाणं संपल्यावर राजवीरला राहवलं नाही. "विश्वजितपेक्षा भारी हाय का न्हाय?"

"आवाज तुमच्यातलाच चांगला, पावणं. आधीपण तुमच्यातलाच चांगला हुता."

"मग तिकडं कशाला जाता?"

आण्णांनी धोतराचा सोगा सारखा केला. "तिथं फोन माझ्या हातात असतोय. मी सांगीन ते गाणं लागतंय. मधीच बंद करून मी काय बाय सांगतोय, त्यो ऐकतोय. तुमच्यात गाणं हाय, पर बोलायची चोरी."

वर्षाराणी दारातच उभी होती. राजवीरचा चेहरा लाल झाला. मग त्यानं आपला फोन आण्णांच्या हातात दिला.

आण्णांनी फोनमध्ये एका अभंगाचं नाव ओरडून सांगितलं. दोन ओळी ऐकल्या, बंद केला आणि मुरगूडच्या एका भजनाची गोष्ट सांगायला लागले. ऐन रंगात पेटीचा भाता फाटला, आणि बायकोच्या लुगड्याचं ठिगळ लावून त्यांनी भजन पुरं केलं. आईचं नाव निघाल्यावर वर्षाराणी येऊन खाली बसली. राजवीरही हसला, पण हसता हसता पुन्हा तीच कळ उठली.

"हे विश्वजितला सांगितलंय?"

"तर! हसून हसून लोळला त्यो."

राजवीर सोफ्याजवळ सरकून, हळू आवाजात म्हणाला, "त्याला न सांगितलेलं एखादं सांगा की."

आण्णांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. जावयानं आजवर त्यांना काही सांगा म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन बाजूला ठेवला, थोडा विचार केला आणि बोलायला सुरुवात केली.