न प्यायलेली दारू

हर्षलने दारू सोडली, ही बातमी भोपाळच्या पिपलानी वसाहतीत पसरली तेव्हा त्याने जन्मात कधी दारूला हात लावलेला नव्हता. बातमी पसरवली होती त्याच्या वडिलांनीच.

त्याची बायको सुचेता घर सोडून उज्जैनला भावाकडे निघून गेली होती. घरातल्या टॅबवर तिला जे सापडलं ते एखाद्या दिवसाचं नव्हतं. अश्लील व्हिडिओ बघायचं व्यसन हर्षलला कॉलेजात असल्यापासून होतं. लग्नानंतर आपोआप सुटेल असं तो धरून चालला होता, पण ते वाढतच गेलं. जेवणं झाली की ऑफिसचं काम आहे म्हणून तो बाहेरच्या खोलीत दार लावून बसे. नंतर स्वतःची किळस येई, आणि ती किळस बुडवायला पुन्हा तेच.

सून का गेली, असं वडिलांनी, यशवंतरावांनी विचारलं तेव्हा त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. कारखान्यात उभी हयात घालवलेला तो माणूस बराच वेळ चप्पल पायात सरकवत आणि काढत बसला. मग म्हणाला, "कोणी विचारलं तर दारू म्हणायचं. दारू लोकांना समजते."

आणि खरोखरच समजली. क्वार्टरच्या खालच्या मजल्यावरचे पांडेजी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, हिम्मत का काम है." मराठी मंडळातल्या एका काकूंनी यकृतासाठी भुईआवळ्याचा रस पाठवायला सुरुवात केली. हर्षल तो बेसिनमध्ये ओतून बाटली धुऊन परत द्यायचा.

बिट्टन मार्केटजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर वंदना मॅडम समुपदेशन करत. ओळखीचं कोणी भेटलंच तर भाजीला आलो म्हणता यावं म्हणून तो पिशवी घेऊन गेला. त्यांनाही त्याने दारूच सांगितली. त्यांनी साधेपणाने विचारलं, कुठली घेता, किती घेता? त्याला एकही नाव आठवेना. शेवटी फरशीकडे बघत त्याने खरं काय ते सांगितलं. आवाज इतका बारीक झाला होता की त्यांना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"आता मान वर करून सांगा," त्या म्हणाल्या. "लाज वाटली की तुम्ही तिकडेच पळता. म्हणून आधी लाजेचं बघू."

सहज काहीच झालं नाही. ओढ कधी लागते ते हेरायला तो शिकला: साहेबांनी चारचौघांत झापलं की, बाबांनी टोमणा मारला की, घर सुनं वाटलं की. फोन साधा घेतला. टॅब विकला. दिवाळीत एकटा असताना पुन्हा घसरला, आणि ते मॅडमना सांगावं लागेल म्हणून थेरपीच सोडायला निघाला होता. तरी गेला, सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तिथून पुढे ओढ लागली तरी तिच्यासोबत बसून राहणं त्याला जमू लागलं.

मग एकदा मॅडमनी सुचेताबद्दल विचारलं, आणि इतके महिने झाकून ठेवलेलं वर आलं. ती अंधारात विचारायची, माझ्यात काही कमी आहे का? तो कूस बदलायचा. तिने जेवण इतकं कमी केलं की एकदा ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. मग स्वतःच्या तपासण्या करायला निघाली, तेव्हा स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे त्यानेच नेलं होतं. दोष कोणाचा हे ठाऊक असून तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला होता.

उन्हाळ्यात सुचेताचा भाऊ तुषार तिला घेऊन भोपाळला आला. खरं कारण तिच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. दारूवरच तिनेही भागवलं होतं. यशवंतराव तुषारला म्हणाले, "मी शब्द देतो. आता थेंबसुद्धा घेणार नाही."

"मी दारू कधीच प्यायलो नाही," हर्षल म्हणाला, आणि सगळं सांगत गेला. व्हिडिओ, बंद दार, डॉक्टरचा दवाखाना. "तिच्यात काही कमी नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो."

यशवंतराव उठून आत गेले. तुषार बहिणीकडे बघेना. सुचेताचे कान लाल झाले होते.

"हे तू मला एकटीला सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "माझ्या भावासमोर माझ्या तपासण्या काढल्यास. आतासुद्धा तुला तुझंच ओझं उतरवायचं होतं."

चहा न घेताच दोघं गेले.

आपण योग्य केलं एवढं तरी वंदना मॅडम म्हणतील, या आशेने तो तिकडे गेला. त्या म्हणाल्या, "खरं बोललात. पण त्यातलं तिचं जे होतं, ते तिला न विचारता बोललात." जिना उतरताना पहिल्यांदाच त्याला त्यांचा राग आला. पुढच्या वेळी तो तरीही गेला.

गोष्ट बाहेर फुटली. रस यायचा थांबला. जिन्यात गाठ पडली की पांडेजी आपल्या मुलीला हाताला धरून पलीकडे घेत. बाबा त्याच घरात राहत, पण त्याच्याशी बोलत नसत. भाजीत मीठ कमी असलं तरी न मागता जेवून उठत.

घटस्फोटाच्या तारखेला कोर्टाच्या आवारात सुचेता क्षणभर एकटी उभी होती. तो लांबच थांबला. बोलू का, असं आधी विचारलं. तिने मानेनेच हो म्हटलं.

"तुझं चुकलं असं मी तुला वाटू दिलं. त्याची माफी मागतो. तू काही उत्तर द्यावंस असं नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो बराच वाळला होता आणि नजर सरळ होती.

"तू सुधारलास ते दिसतंय," ती म्हणाली. "मी अजून आरशासमोर उभी राहत नाही."

तेवढ्यात वकिलांनी तिला हाक मारली आणि ती गेली.