शून्य ते शंभर

"सोड!" शेजारी बसलेला त्याचा मित्र मक्सात ओरडला, आणि कुबातनं ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर दाबला.

वीस.

गाडी आधी खोकला आल्यासारखी हलली, मग सुटली. काल बिश्केकच्या बाजारातून आणलेली पांढरी सेडान. बारा वर्षं जपानात कुणीतरी जपून वापरलेली. चावी फिरवली की आतली बाई जपानीत काहीतरी नम्रपणे सांगायची. काय, ते गावात कुणालाच कळत नव्हतं.

"एकशे नऊ घोडे म्हणाला ना विकणारा?" मक्सातच्या मोबाइलवर सेकंद पळत होते. "मला तर साठ-सत्तरच दिसतायत. बाकीचे चरायला गेले वाटतं."

"तोंड आवर आणि घड्याळ बघ."

चाळीस.

आज खरं तर चाक हलवायचंच नव्हतं. आईनं बजावलं होतं, एसेनकुलमामा दुपारी येतील, गाडीसमोर हात पसरून आशीर्वाद देतील, तोवर गाडी अंगणातच. मामा तिच्या माहेरचे सर्वांत मोठे. कुबात, वय चाळीस, दोन मुलांचा बाप, म्हणाला होता की पेट्रोल भरून आणतो. टाकी भरलेली होती.

साठ.

पुढं रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडापाशी, लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी दिसली. खाली काळा कोट, पायाशी पिशवी. वर आलेला हात.

या रस्त्यावर हात दिसला की थांबतात. त्याला कारण लागत नाही.

"म्हातारा आहे कुणीतरी," मक्सात म्हणाला. मग मोबाइलकडं बघत, "थांबलास तर परत पहिल्यापासून."

"येताना घेऊ."

ऐंशी. टोपी आली. टोपी गेली. चेहरा दिसलाच नाही, नुसता तळहात.

शंभर.

"अठरा सेकंद! तो तर अकरा म्हणाला होता."

"वारा समोरून होता," कुबात म्हणाला. "परत एकदा."

परत दोनदा झालं. सोळाच्या खाली काही गाडी येईना. अर्ध्या तासानं परतताना मैलाच्या दगडापाशी कुबातनं वेग कमी केला. तिथं कुणी नव्हतं.

"घेतलं असेल कुणीतरी," तो म्हणाला.

मक्सातनं मोबाइल खिशात टाकला.

मामा पोचले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि ओठ वाऱ्यानं फुटले होते. त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून झटकली. दारात उभ्या कुबातचा हात पुढं व्हायचा तो तिथंच राहिला.

"व्हॅन फाट्यावर बंद पडली," मामा बसत म्हणाले. "रस्त्यावर थांबून बघितलं. मग म्हटलं, शेतातनं आडवं जाऊ."

"या वयात? नांगरलेल्या शेतातनं?" आई तळलेल्या बोरसोकची परात पुढं सरकवत होती. "एकही गाडी आली नाही?"

"एक आली. पांढरी."

कुबात चहा ओतत होता.

"न थांबता गेली? कोण मेला होता तो? आईबापांनी काही शिकवलं की नाही त्याला?"

"अगं, काय पळवत होता! एवढ्या वेगात उगाच कुणी जात नाही. मला वाटलं, आत अडलेली बाई असेल. नाहीतर कुणाचा बाप शेवटच्या घटका मोजत असेल. तिथंच दोन्ही हात पसरले मी. म्हटलं, आत जे कोण आहे ते वेळेवर पोचू दे."

मक्सात समोरच्या रोटीचा चुरा करत होता.

"कुबात!" आई कडाडली. "शुद्ध आहे का? मामांना घालवायचंय?"

वाटी काठोकाठ भरली होती. पाहुण्याला अर्धीच देतात, पुन्हापुन्हा भरता यावी म्हणून. भरलेली वाटी म्हणजे पी आणि ऊठ. कुबातनं ती ओढून घेतली. चहा मनगटावर सांडला, तरी त्यानं हात झटकला नाही.

"असू दे," मामा म्हणाले. "तहान लागलीय मला."

मग सगळे अंगणात आले. मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवला. ठेवला तो उचलला नाही. थोड्या वेळानं दुसराही ठेवला, जणू शेकोटीशी बसलेत.

"ऊब आहे चांगली," ते म्हणाले.

"पेट्रोल भरायला गेला होता," आई म्हणाली.

मामांनी मक्सातकडं पाहिलं. मक्सातनं आभाळाकडं. कुबातकडं त्यांनी पाहिलंच नाही. तळहात वर झाले. रस्ता मोकळा असो, असं काहीसं त्यांनी पुटपुटलं, चेहऱ्यावरून हात फिरवले. ओमीन. सगळ्यांनी फिरवले. कुबातचे हात चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिले.

उन्हं कलायच्या आत मामांना घरी सोडायला तो निघाला. जपानी बाई बोलली.

"काय म्हणते?"

"माहीत नाही, मामा."

चाळीस.

"पळव की. म्हणतात, फार पळते."

"नाही मामा. एवढीच."

चाळीस. चाळीस. मैलाचा दगड जवळ आला आणि कुबातचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी कडेला जाऊन उभी राहिली. रस्त्यावर कुणी नव्हतं. सांगायचं ठरवून त्यानं तोंड उघडलं.

मामांनी काच वर केली.

"इथं वारा फार असतो," ते म्हणाले. "चल."